उंद्री ते लंडन, जाऊन-येऊन

१. प्लॅन शंभरचा, तरी आवाज मागे का?

"स्पीड टेस्ट लावली तर पुरे शंभर एमबीपीएस दाखवते. मग लेकीशी बोलताना माझं वाक्य संपायच्या आत तिचं का सुरू होतं?" ज्यांची मुले पुण्याला, सिंगापूरला किंवा अमेरिकेत आहेत अशा घरांतला हा नेहमीचा प्रश्न आहे. बुलढाणा जिल्ह्यात चिखली तालुक्यातल्या उंद्रीसारख्या गावांत नेट मोबाइलवर तर आलेच, काही घरांत फायबरही आले. केंद्र सरकारने ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. तेव्हापासून 'नेट आहे का?' हा प्रश्न मागे पडत गेला आणि 'नेट कसं आहे?' हा पुढे आला.

या दुसऱ्या प्रश्नाला दोन वेगळी उत्तरे आहेत आणि बहुतेक गोंधळ ती एकत्र केल्याने होतो. विहिरीवरून शेताच्या टोकापर्यंत पाईपलाइन टाकली आहे, पाईप रिकामा आहे आणि मोटर सुरू केली, असे समजा. पाईप दोन इंची की चार इंची यावर मिनिटाला किती पाणी पडणार हे ठरते. पण पहिली धार टोकाला केव्हा पोचणार, हे मुख्यतः पाईप किती लांब आहे यावर ठरते. प्लॅनमधले शंभर एमबीपीएस ही पाईपाची जाडी. लेकीचा आवाज किती उशिराने आला, हा पहिल्या धारेचा हिशेब. त्याला लेटन्सी म्हणतात, आपण विलंब म्हणू. मोबाइलवर गेम खेळणारी पोरे "पिंग वाढला" म्हणतात, तेही याच्याबद्दलच.

सिनेमा बघायला जाडी लागते. बोलायला, खेळायला, ऑनलाइन मुलाखतीला विलंब कमी लागतो. नेट पुरवणारे सेवादार जाहिरातीत जाडी छापतात. विलंब घरी आपला आपल्यालाच मोजावा लागतो.

२. एका मिलिसेकंदात किती अंतर?

विलंब मिलिसेकंदांत मोजतात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. फायबर म्हणजे काच. काचेत प्रकाश मंदावतो आणि सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटरच जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. पण आपण नेहमी जाऊन-येऊन वेळ मोजतो, म्हणून एका मिलिसेकंदात १०० किलोमीटर दूरच्या ठिकाणी जाऊन परत येता येते, असे धरायचे.

यातून फार कामाचा नियम निघतो. किलोमीटरांना शंभराने भागा. जे उत्तर येईल, त्याच्या खालचा आकडा जगातला कोणताही सेवादार फायबरवरून देऊ शकत नाही.

उंद्री ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे किमान ४ मिलिसेकंद. सिंगापूर साडेतीन हजारांहून थोडे जास्त, म्हणजे किमान ३६. लंडन सात हजारांच्या पुढे, म्हणजे सत्तरहून जास्त. न्यूयॉर्क साडेबारा हजारांच्या आसपास, म्हणजे सव्वाशे. प्रत्यक्षातले आकडे याहून बरेच वर असतात. केबल सरळ रेषेत जात नाही. ती रस्त्यांच्या कडेने आणि समुद्राच्या तळाने वळणे घेत जाते, आणि वाटेतल्या प्रत्येक यंत्राला माहितीचे पाकीट (पॅकेट) वाचून पुढे ढकलायला थोडा वेळ लागतो. लंडनसाठी शंभर ते दीडशे आणि न्यूयॉर्कसाठी दोनशेच्या वर आकडा आला, तर त्यात बिघाड काही नाही.

ज्यांनी जुने परदेशी ट्रंककॉल ऐकलेत त्यांना प्रत्येक वाक्यानंतरची ती पोकळी आठवत असेल. पुणे जिल्ह्यात आर्वीला १९७१ साली उपग्रह दळणवळणाचे विक्रम भूकेंद्र सुरू झाले. अशा केंद्रांतून जाणारा कॉल ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला शिवून येई. प्रश्न वर आणि खाली, उत्तर पुन्हा वर आणि खाली, असा हा प्रवास जवळजवळ १ लाख ४३ हजार किलोमीटरांचा. नुसत्या प्रकाशाच्या वेगाने त्याला ४७७ मिलिसेकंद लागतात. समुद्राखालून गेलेल्या फायबरने हीच पोकळी निम्म्याहून कमी केली.

३. हाक आणि ओ

मोजण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे पिंग. दूरच्या यंत्राला एक छोटे पाकीट पाठवायचे, ते पोचले की तिकडून तसेच परत येते, आणि मधला वेळ मोजायचा. अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये हा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारमध्ये ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजतात, तीच ही कल्पना. म्यूस यांनी सांगितलेला त्याचा एक उपयोग मला फार आवडतो. एका इमारतीतली वायर मधूनच दगा देत होती. तिथले नेटवर्क सांभाळणाऱ्याने प्रत्येक परत आलेल्या पाकिटाला संगणकाने मोठ्याने "पिंग" म्हणावे अशी सोय केली, आवाज वाढवला आणि इमारतीभर फिरत एकेक जोड हलवून पाहिला. जिथे आवाज थांबला, तिथे बिघाड. चाळीस वर्षांनीही घरातला बिघाड शोधायची पद्धत हीच आहे.

विंडोजच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजीत पिंग हा शब्द टाइप करा, एक जागा सोडून सर्व्हरचा, म्हणजे त्या दूरच्या यंत्राचा, पत्ता लिहा आणि एंटर दाबा. चार ओळी उमटतात. प्रत्येकीत 'टाइम' पुढे मिलिसेकंद असतात. उत्तर आलेच नाही तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' दिसते. चार पाकिटांवर काही ठरवू नये. पत्त्यानंतर जागा सोडून उणे चिन्ह, त्याला लागून एन हे अक्षर आणि पुन्हा जागा सोडून ५० लिहिले की पन्नास पाकिटे जातात आणि शेवटी किमान, कमाल, सरासरी आणि हरवलेल्या पाकिटांची टक्केवारी मिळते. मोबाइलवर पिंगची मोफत ॲप आहेत. पाकीट सेकंदाला एक या गतीने जाऊ द्यावे. सर्व्हर दुसऱ्याच्या पैशाने चालतो. त्याच्यावर पाकिटांचा मारा करू नये.

चार आकड्यांपैकी लोक सरासरी वाचतात. मी आधी किमान वाचतो, कारण वाट मोकळी असताना लागलेला वेळ तोच. मग किमान आणि कमाल यांतले अंतर बघतो. आकडा एकसारखा १५० येत असेल तर माणसाला त्याची सवय होते. तो कधी १५० तर कधी ४०० झाला की आवाज तुटतो. या चढउताराला जिटर म्हणतात. बोलण्याचा विचका मोठ्या सरासरीपेक्षा जिटरने जास्त होतो.

४. 'दूर'चा सर्व्हर खरोखर दूर आहे का?

इथे पुष्कळ जण फसतात. गावातल्या कोणत्याही तंत्रज्ञाला विचारा, तो ८.८.८.८ ला पिंग करायला सांगेल. हा गूगलचा पत्ता डिसेंबर २००९ पासून वापरात आहे. कंपनी अमेरिकेची, म्हणून पाकीट अमेरिकेला जाऊन आले असे वाटते. ते तिथे जात नाही. हा एकच पत्ता जगातल्या अनेक शहरांतली यंत्रे एकाच वेळी लावून बसली आहेत, आणि नेटवर्क आपल्याला साधारणपणे त्यांतल्या जवळच्या यंत्राकडे नेते. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा पत्ताही असाच. परदेशी वर्तमानपत्रे, मोठी विद्यापीठे, दुकाने यांच्या संकेतस्थळांच्या नकला मुंबई-चेन्नईसारख्या शहरांतल्या यंत्रांवर ठेवलेल्या असतात. आपण बघतो ती नक्कल.

सर्व्हर कुठे आहे हे नावावरून कळत नसले, तरी मागचा शंभराचा नियम ते उघड करतो. समजा, लंडनच्या एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळाला उंद्रीतून पिंग केले आणि २२ मिलिसेकंद आले. बावीस गुणिले शंभर, म्हणजे २,२०० किलोमीटर. उत्तर देणारे यंत्र याहून दूर असूच शकत नाही. लंडन सात हजारांच्या पुढे आहे. म्हणजे ते यंत्र लंडनला नाही, बहुधा भारतातच आहे. प्रकाशाच्या वेगाला चकवा देता येत नाही, त्यामुळे हा पुरावा पक्का. उलट दिशेने मात्र तो चालत नाही. आकडा १५० आला म्हणून यंत्र लंडनलाच आहे असे म्हणता येत नाही. ते मुंबईत असेल आणि आपले घरचे वायफाय रडत असेल.

खरोखर दूर असलेला सर्व्हर मिळवायचे दोन सोपे मार्ग आहेत. स्पीड टेस्टची बहुतेक ॲप आपणहून जवळचा सर्व्हर निवडतात. त्याच पडद्यावर 'चेंज सर्व्हर' असते, तिथे सिंगापूर, लंडन, न्यूयॉर्क निवडता येते. दुसरा मार्ग मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या केंद्रांचा. ॲमेझॉनने मुंबईचे केंद्र २०१६ मध्ये सुरू केले. सिंगापूर, लंडन, फ्रँकफर्ट, अमेरिकेतले व्हर्जिनिया इथेही त्यांची केंद्रे आहेत, आणि प्रत्येकाचा पत्ता त्या त्या ठिकाणीच उघडतो. ब्राउझरमधून या केंद्रांपर्यंतचा वेळ दाखवणारी पाने आहेत. ब्राउझरचा आकडा साध्या पिंगपेक्षा थोडा जास्त येतो, म्हणून एका दिवशी ब्राउझर आणि दुसऱ्या दिवशी पिंग अशी तुलना करू नये.

५. एक आकडा काही सांगत नाही

आता मुख्य काम. लंडनचा आकडा १९० आला. वाईट आहे का? आणि वाईट असेल तर दोष कुणाचा: घरातल्या राउटरचा, सेवादाराचा की समुद्राचा? एकट्या १९० मधून हे कळत नाही. दूरच्या सर्व्हरपर्यंतची सगळी वाट त्या एका आकड्यात घुसळलेली असते. ती पायऱ्यांत तोडावी लागते.

पहिली पायरी राउटरची. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट गेटवे' पुढे राउटरचा पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. दुसरी, सेवादाराच्या पहिल्या यंत्राची. ट्रेसर्ट ही आज्ञा सर्व्हरपर्यंतची यंत्रे ओळीने दाखवते. राउटरनंतरचे जे पहिले यंत्र उत्तर देते ते आपले. तिसरी मुंबई, चौथी सिंगापूर, पाचवी लंडन.

आकडे उदाहरणासाठी घेऊ. सकाळी सहा वाजता राउटर ३, सेवादार ९, मुंबई १८, सिंगापूर ७५, लंडन १५०. रात्री साडेआठ वाजता राउटर ३, सेवादार ४७, मुंबई ५६, सिंगापूर ११३, लंडन १८८. ओळीओळीने वजा करा. राउटर शून्याने वाढला, बाकी चारही बरोबर ३८ ने वाढले. लंडनची वाढ लंडनमुळे झालेली नाही. ३८ मिलिसेकंद घराच्या दारापासून सेवादाराच्या पहिल्या यंत्रापर्यंत जमा झाले आणि पुढे प्रत्येक आकड्याला चिकटून गेले. रात्री गावातले सगळे एकदम नेटवर बसतात आणि त्या तुकड्यात गर्दी होते.

आकडे दुसऱ्या दिवशी वेगळे आले समजा. राउटरचाच ३ चा ४० झाला आणि बाकी सगळे त्या मानाने वाढले. मग दोष घरात आहे. जाड भिंत, मधले लोखंडी कपाट, शेजारच्या राउटरची गर्दी यांपैकी काहीतरी. संगणक तारेने राउटरला जोडा आणि पुन्हा मोजा. आकडा ३ च्याही खाली आला तर वायफाय पकडले गेले.

तिसरा नमुना असा, की राउटर ३, सेवादार ९, मुंबई १८, सिंगापूर ७५ जागच्या जागी आहेत आणि फक्त लंडन १५० चा २४० झाला आहे. इथे घरात हात घालायचे कारणच नाही.

दूरचा सर्व्हर कशासाठी लागतो, हे यातून दिसते. घराची तब्येत राउटर आणि मुंबई सांगतात. दूरचा सर्व्हर लांबच्या वाटेची खबर देतो, आणि घरातल्या थोड्याशा वाढीची किंमत किती हेही दाखवतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषण सहज चालायला आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचावा, म्हणजे जाऊन-येऊन ३००. पुण्याच्या मुलाशी बोलताना वाट २५ मिलिसेकंदांची असेल, तर घरातले वाया गेलेले ४० जाणवतही नाहीत. अमेरिकेतल्या लेकीशी बोलताना अडीचशे वाटेतच गेलेले असतात. आवाज बांधायला आणि सोडायला ॲपही वेळ खाते. तिथे ते ४० सगळी शिल्लक संपवतात. ज्यांची माणसे लांब आहेत त्यांनीच घरातले वायफाय सर्वांत नीट ठेवायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रेसर्ट वाचताना एक काळजी घ्या. मधल्या एखाद्या यंत्रापुढे अचानक ३०० दिसतात किंवा नुसत्या चांदण्या दिसतात, आणि शेवटचा सर्व्हर मात्र १५० दाखवतो. असे दिसले की काही जण लगेच त्या मधल्या यंत्राला दोषी ठरवतात. त्या यंत्राचे काम पाकिटे पुढे ढकलण्याचे आहे. आपल्या हाकेला ओ देणे त्याच्या दृष्टीने सर्वांत शेवटचे काम, म्हणून ते सवडीने उत्तर देते किंवा देतच नाही. वाढ तिथून शेवटपर्यंत टिकली तरच ती खरी.

६. कामात गुंतलेली लाइन

आतापर्यंतची मोजणी लाइन रिकामी असताना केलेली. घर तसे रिकामे नसते. लग्नाचे दोनशे फोटो मोबाइल आपोआप क्लाउडवर चढवतो आहे, आणि नेमका त्याच वेळी आजोबांचा व्हिडिओ कॉल लागतो.

हे मोजायलाच हवे. एका खिडकीत मुंबईच्या सर्व्हरला पिंग चालू ठेवा, दुसऱ्या यंत्रावरून मोठी व्हिडिओ फाइल अपलोड करा आणि आकड्यांकडे बघत राहा. १८, १९, १८ असे चाललेले आकडे एकदम २००, ३५०, ४०० होताना दिसू शकतात. अपलोड थांबवले की परत १८. राउटरमध्ये पाकिटे थांबवून ठेवायची जागा असते, तिला बफर म्हणतात. ती जागा मोठी असली की फोटोंची हजारो पाकिटे तिथे रांग लावतात आणि आवाजाचे इवलेसे पाकीट त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते. पाकीट हरवत नाही, म्हणून कुणाला बिघाड वाटत नाही. पण ते पोचते तेव्हा उशीर झालेला असतो. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाने सुमारे २०१० पासून या दुखण्याकडे जगाचे लक्ष वेधले. त्याला बफरब्लोट म्हणतात.

शंभरचा प्लॅन दोनशेचा केल्याने हे हमखास बरे होत नाही. काही राउटरांत क्यूओएस किंवा एसक्यूएम नावाची सेटिंग असते. तिथे अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या थोडी खाली ठेवली की रांग लांबत नाही. अशी सेटिंग नसेल तर फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतर लावावा. प्लॅन वाढवण्याआधी प्रत्येकाने ही एक चाचणी करावीच.

७. समुद्रातली वाट

मघाच्या तिसऱ्या नमुन्यात लंडनचा आकडा एकटाच वाढला होता. असे खरोखर घडते. भारतातून युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच केबल मुंबईहून अरबी समुद्रात शिरतात, तांबड्या समुद्रातून वर जातात, इजिप्तची जमीन ओलांडतात आणि भूमध्य समुद्रातून युरोपला लागतात. वाट जुनी आहे. ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन तारायंत्राची केबल टाकली, तीही याच वाटेवर. ६ सप्टेंबर २०२५ रोजी सौदी अरेबियातल्या जेद्दाजवळ केबल तुटल्या. त्यांत मुंबईला लागणाऱ्या आयएमईडब्ल्यूई आणि एसएमडब्ल्यू-४ या दोन होत्या. नेट बंद पडले नाही. पाकिटे दुसऱ्या, लांबच्या वाटांनी वळवली गेली आणि विलंब वाढला. त्या दिवसांत राउटर बदलून काहीच साधले नसते.

वाट गावातही वाकडी असते. उंद्रीतल्या एकाच गल्लीतल्या दोन घरांत दोन वेगळ्या कंपन्यांचे नेट असेल, तर एका घरातून समोरच्या घरात जाणारे पाकीट बहुधा गल्लीतून जात नाही. दोन्ही कंपन्यांचे जाळे जिथे एकमेकांना भेटते अशा मोठ्या शहरापर्यंत, बऱ्याचदा मुंबईपर्यंत, ते जाते आणि परत येते. देशातली रहदारी देशातच अदलाबदल व्हावी म्हणून २००३ मध्ये निक्सी ही संस्था स्थापन झाली. त्याआधी भारतातली पाकिटे भारतातल्याच पत्त्यावर जाताना परदेशाची फेरी मारून येत असत.

८. तक्रार कशी लिहावी

"नेट स्लो आहे" या तक्रारीला "स्पीड टेस्ट करून पाठवा" हे उत्तर ठरलेले. ती चाचणी जवळच्या सर्व्हरशी होते, जाडी दाखवते आणि तक्रार तिथेच मिटते. त्याऐवजी सलग काही दिवस सकाळी आणि रात्री पाचही पायऱ्यांचे आकडे वहीत लिहा: तारीख, वेळ, किमान, कमाल, हरवलेल्या पाकिटांची टक्केवारी. मोजताना संगणक तारेने जोडलेला असावा, म्हणजे "तुमचं वायफाय बघा" हे उत्तर उरत नाही. मग लिहा, की राउटरपर्यंत ३, तुमच्या पहिल्या यंत्रापर्यंत सकाळी ९ आणि रात्री ४७, पन्नासांपैकी इतकी पाकिटे हरवली. सोबत पडद्याचे फोटो जोडा. लंडनचा आकडा शेवटी लिहा आणि तो कमी करून मागू नका. त्यातला मोठा भाग अंतराचा आहे आणि तो कुणाच्या हातात नाही. मागायचे ते ९ आणि ४७ यांमधले ३८.